कुंपणाच्या आरपार

चित्रपट-अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी मला विश्लेषणासाठी ‘द सायलेंट चाइल्ड’ हा २०१८ साली ऑस्कर मिळालेला, वीस मिनिटांचा ब्रिटिश लघुपट मिळाला. चार वर्षांची कर्णबधिर लिबी, ऐकू येणाऱ्या माणसांचे तिचे घर आणि तिला सांकेतिक भाषा शिकवणारी जोआन, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्हालाही याच लघुपटावर असाइनमेंट लिहायची असेल, तर तीत कथा पुन्हा सांगत बसू नका. परीक्षकांनीही चित्रपट पाहिलेला असतो.

माझी फसगत शेवटच्या प्रसंगात झाली. शाळेच्या कुंपणाच्या एका बाजूला लिबी, दुसऱ्या बाजूला जोआन, आणि दोघी हातांनीच एकमेकींवरचे प्रेम सांगतात. मी लिहिले, ‘कुंपण म्हणजे तुरुंग, शांतता म्हणजे एकाकीपणा.’ वीसपैकी सहा गुण मिळाले आणि मी महिनाभर परीक्षकांच्या नावाने खडे फोडले. मग एका संध्याकाळी दादरला दोन कर्णबधिर तरुण समोरासमोरच्या फलाटांवरून, मध्ये रूळ आणि डोक्यावर उद्घोषणांचा गोंगाट असताना, निवांत गप्पा मारताना दिसले. मी मात्र खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या मित्राशी ओरडून बोलत होतो.

या भाषेला अंतर अडवत नाही, गोंगाट अडवत नाही. हात दिसेनासे झाले तरच ती थांबते. कुंपणाच्या आरपार हात दिसतात, म्हणजे मी ज्याला तुरुंग म्हटले होते त्याच्यातूनच संवाद चालला होता, आणि मी तो ऐकू येणाऱ्या माणसाच्या सवयीने वाचला होता. ब्रिटिश सांकेतिक भाषेतली मुळाक्षरे दोन्ही हातांनी दाखवतात, त्यामुळे अशा संवादात केवळ चेहऱ्याचा क्लोज-अप घेतला, तर भावना जवळ येते, पण वाक्य चौकटीबाहेर राहते. म्हणून प्रत्येक कटला, म्हणजे दृश्य बदलते तिथे, थांबून पाहा की हात चौकटीत आहेत का, बोलणाऱ्याचे ओठ लिबीला दिसतात का, की तो पाठमोराच बोलतो आहे. आणखी एक: लिबी साकारणारी मेसी स्लाय स्वतः कर्णबधिर आहे, तेव्हा तिच्या हातांच्या हालचालींना कृपया ‘बोलके हावभाव’ म्हणू नका.

यूट्यूबवरचे ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारे व्हिडिओ आणि सीनियरांच्या जुन्या वह्या यांनी माझे नुकसानच केले, असे माझे स्पष्ट मत आहे. घाबरण्याचे मात्र कारण नाही, पहिल्या पाहण्यात हे कोणालाच दिसत नाही. मी दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला, तेव्हा केवळ हातांच्या नोंदींनीच वहीची अडीच पाने भरली.