स्क्रीन बंद झाली की पार्टोग्राफचा अलार्म वाजत नाही – माझा अनुभव

वेल्ह्याकडच्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लेबर रूमच्या टॅबवर डिजिटल पार्टोग्राफ आहे, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला घ्यायची आठवण तो करतो, पण स्क्रीन बंद झाली की गप्प, आणि सिस्टरनी टॅब उघडला की मागचे सगळे अलार्म एकदम. रात्रपाळीला नुसता वैताग.

अ‍ॅप परत टाकलं, व्हॉल्यूम फुल केला, रेंजवर संशय घेतला (अलार्मला नेट लागतच नाही), उपयोग शून्य.

शेवटी पुण्यात टॅब आणून बसलो. भानगड बॅटरी सेव्हिंगची निघाली, मागे चालणारं अ‍ॅप झोपवलं जातं. आधी डेटा सिंक करून घ्या. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, आपलं अ‍ॅप, बॅटरी, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड'. नंतर स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेसमध्ये 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' चालू, ही परवानगी अँड्रॉइड 12 पासून आलीये. टॅब रीस्टार्ट, अ‍ॅप उघडा, टेस्ट केस टाका, स्क्रीन लॉक करा आणि चार्जर काढूनच अर्धा तास थांबा, कारण चार्जिंगला असताना टॅब तसा झोपत नाही आणि सगळं ठीक वाटतं. वाजला की टेस्ट केस डिलीट.

रिसेंटमधून (अलीकडे उघडलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतून) अ‍ॅप स्वाइप करू नका, हे टॅबच्या मागे चिकटपट्टीवर लिहून दिलंय. दुसऱ्या स्टेजला (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत) मात्र ठोके दर 5 मिनिटांनी बघायचे असतात, तिथे अलार्मची वाट बघायची नाही, डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र) हातातच ठेवायचा.