एअरलाइनच्या फ्लीट प्लॅनिंगमध्ये येताय? आधी क्रूचं गणित शिका

फ्लीट प्लॅनिंग (कंपनीने कोणती विमानं, किती आणि कधी घ्यायची हे ठरवणं) म्हटलं की नव्या मुलांच्या डोळ्यांसमोर विमानं, रूट, इंधनाचा खर्च आणि लीजचं भाडं येतं. संप, सिक लीव्ह आणि युनियन ही एचआरवाल्यांची डोकेदुखी, असं ते धरून चालतात. ही वाटणी कागदावर असते. विमानांच्या ऑर्डरवर सही होते त्याच दिवशी पुढच्या पाच-सात वर्षांतले अर्धे तंटे ठरून गेलेले असतात: नव्या विमानावर कोण जाणार, कमांड म्हणजे कॅप्टनपद कधी मिळणार, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) कुठे असणार, रात्री किती उडावं लागणार. त्यामुळे या दोन कामांपैकी एकच शिकून कुणी टिकेल असं मला वाटत नाही. ब्लॉक अवर, युटिलायझेशन, ड्राय लीज, वेट लीज, सेल अँड लीजबॅक या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरूया आणि थेट जिथे माणूस फसतो तिथे जाऊया.

एका विमानामागे किती वैमानिक लागतात? ए३२० जातीचं विमान दिवसाला साडेबारा ब्लॉक अवर (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचे तास) उडतं असं धरा. वर्षाचे झाले सुमारे ४,५६० तास. वैमानिकाला नियमाप्रमाणे वर्षात जास्तीत जास्त १,००० तास उडता येतं. नवखा माणूस भागाकार करतो, ४.६ येतात, थोडी सोय म्हणून तो ५ धरतो. पाच कॅप्टन, पाच फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), झालं काम. आणि इथेच घात होतो, कारण १,००० ही परवानगीची शेवटची रेघ आहे. रोस्टरमधून, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यातून, तेवढे तास कधीच निघत नाहीत.

एका फर्स्ट ऑफिसरचा महिना उघडून बघा. ३० दिवस. दर आठवड्याला ४८ तासांची विश्रांती, म्हणजे साडेआठ दिवस गेले. वर्षभराची रजा महिन्यांत वाटली की तीन दिवस. सहा महिन्यांनी येणारं सिम्युलेटर चेक, मेडिकल, ग्राउंड क्लास यांचे सरासरी दीड दिवस. स्टँडबायचे तीन, कारण कुणी आजारी पडलं तर उभं राहायला माणूस लागतो. दुसऱ्या शहरातली फ्लाइट घ्यायला प्रवासी सीटवर बसून जाण्यात एक दिवस. उरले १३. दिवसाला पाच तासांची उड्डाणं धरली तर महिन्याचे ६५ तास, वर्षाचे ७८०. त्यातून आजारपण वजा करा, ७५० वर या. आता पुन्हा भागा: ४,५६० भागिले ७५०, म्हणजे सहा. एका विमानामागे सहा कॅप्टन आणि सहा फर्स्ट ऑफिसर. पाच आणि सहा यांतला फरक किरकोळ वाटतो, पण ५० विमानांवर तो ५० कॅप्टनांचा होतो, आणि ५० कॅप्टन बाजारात उभे नसतात.

इथवर बहुतेकांना समजतं. पुढची पायरी मात्र सुटते. नवं विमान आलं, सहा कॅप्टन हवेत. ते येणार आपल्याच फर्स्ट ऑफिसरांतून. सहा जण वर गेले की खाली सहा जागा रिकाम्या, आणि नव्या विमानासाठी सहा वेगळे. म्हणजे एका विमानासाठी सहा कमांड अपग्रेड आणि बारा नवे फर्स्ट ऑफिसर. माणसं बारा वाढतात, ट्रेनिंग अठरा होतात. हे अठरा आकडे तुमच्या शीटमध्ये स्वतंत्र ओळीत नसतील तर ती शीट फाडून टाका.

आता हे अठरा शिकणार कुठे? एक सिम्युलेटर दिवसाला २० तास चालवला तर चार तासांचे पाच स्लॉट मिळतात. देखभाल वगळून ३३० दिवस धरा: वर्षाला १,६५० स्लॉट. ५० विमानांचे ६०० वैमानिक, म्हणजे ३०० जोड्या, वर्षातून दोनदा, दर वेळी दोन स्लॉट: १,२०० स्लॉट आधीच संपले. उरले ४५०. एका जोडीच्या टाइप रेटिंगला (त्या जातीचं विमान उडवण्याच्या पात्रतेला) १४ स्लॉट धरले तर बारा जणांना ८४ लागतात, आणि सहा कमांडना आणखी ३५-४०. म्हणजे एका विमानाला सव्वाशेच्या आसपास. ४५० मध्ये वर्षाला चार विमानंसुद्धा धड बसत नाहीत. डिलिव्हरीच्या तक्त्यात मात्र महिन्याला एक विमान लिहिलेलं असतं. बाहेरचं सिम्युलेटर भाड्याने घेता येतं, पण शिकवणारे इन्स्ट्रक्टर तुमच्याच लाइनवरचे अनुभवी कॅप्टन असतात. ते शिकवायला बसले की तेवढे तास उड्डाणांतून कमी. सिम्युलेटरनंतर लाइन ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या उड्डाणांवरचं शिक्षण, येतं, तेही यांच्याच शेजारी बसून. नव्या फर्स्ट ऑफिसरला भरतीपासून मोकळं सोडेपर्यंत पाच-सहा महिने धराच.

लांब पल्ल्याचं गणित आणखी कठोर. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या फ्लाइटला चार वैमानिक लागतात. विमान दिवसाला साडेचौदा तास उडलं तर वर्षाचे सुमारे ५,३०० तास, गुणिले चार, भागिले एका वैमानिकाचे वर्षाचे ८०० तास: एका विमानामागे सव्वीस-सत्तावीस वैमानिक.

हे घोकून पाठ करा असं मी म्हणत नाही. आकडे तुमच्या कंपनीचे वेगळे असतील. पण साखळी हीच राहते, आणि एकदा ती हाताने कागदावर मांडली की विषयाची भीती जाते. पहिल्या महिन्यात हे डोक्यात बसत नाही, तिसऱ्यात बसतं. घाबरू नका.

डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते आता वेगळ्या नजरेने दिसेल. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला लागू झाला, दुसरा १ नोव्हेंबरला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजारावर. विमानं धावपट्टीशेजारी उभी होती, वैमानिक पगारपत्रकावर होते, पण नियमात बसणारे तास नव्हते. शेवटी डीजीसीएला काही नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली आणि कंपनीला वेळापत्रक १० टक्क्यांनी कमी करावं लागलं. हा प्रसंग फक्त ‘नियम कडक होते’ या खात्यावर टाकणाऱ्या मेंटॉरपासून लांब राहा.

माणूस फसतो ती दुसरी जागा सीनिऑरिटीची. एअर इंडियाची गोष्ट इथे नीट वाचायला हवी. २००५-०६ मध्ये एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानं मागवली: ५० स्वतःसाठी, त्यात २७ ड्रीमलाइनर ७८७, आणि १८ बोइंग ७३७ एअर इंडिया एक्स्प्रेससाठी. इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३. दोन कंपन्या, दोन पगारपद्धती, दोन बढतीच्या रांगा. २००७ मध्ये दोन्ही एक केल्या, रांगा मात्र वेगळ्याच राहिल्या. बोइंगकडून ७८७ ला काही वर्षांचा उशीर झाला आणि त्या काळात प्रश्न पेटला: या विमानावर कोण? इंडियन पायलट्स गिल्ड ही जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना. तिचं म्हणणं, विमान आमच्या कंपनीने मागवलं, ट्रेनिंगवर पहिला हक्क आमचा. व्यवस्थापनाला दोन्हीकडचे वैमानिक निम्मे-निम्मे पाठवायचे होते. आधी २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला होता. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली, जानेवारी २०१२ मध्ये अहवाल आला, आणि मे २०१२ मध्ये गिल्डचे वैमानिक सामूहिक आजारी रजेवर गेले. ५८ दिवस. शंभराच्या आसपास वैमानिकांना काढलं गेलं, संघटनेची मान्यता गेली. पहिलं ७८७ भारतात आलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, संप मिटल्यावर.

यातून प्लॅनरने घ्यायचं ते असं: विलीनीकरण असो वा नवा प्रकार, विमान येण्याच्या किमान दीड वर्ष आधी सीनिऑरिटीची पद्धत लेखी ठरलेली हवी. रुजू झाल्याची तारीख धरायची, की कमांड मिळाल्याची, की दोन याद्या ठरावीक प्रमाणात गुंफायच्या, यातली कोणतीही पद्धत कुणावर तरी अन्याय करतेच. म्हणून प्रत्येक पद्धतीत कोणाची कमांड किती वर्षं पुढे ढकलली जाते त्याचा तक्ता माणसागणिक काढा. चाळिशीतल्या फर्स्ट ऑफिसरला तीन वर्षं उशीर म्हणजे घराचं कर्ज आणि मुलांचं शिक्षण. तो चिडला तर त्याला लोभी म्हणू नका.

पगाराच्या रचनेतही फ्लीट लपलेली असते. विस्तारा या एअरलाइनची उड्डाणं २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वैमानिकांअभावी रद्द झाली, त्याच्या मुळाशी एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधीचा नवा करार होता: हमीचे तास (कमी उडलं तरी ज्यांचा पगार मिळतो ते) ७० वरून ४० वर आले. वैमानिकाने हे वाचताना काय बघितलं? इंजिनं नादुरुस्त होऊन विमानं उभी राहिली की त्याचे तास पडणार, आणि पगारही. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे भारतात डझनावारी विमानं उभी होती. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवताना हेच कारण दिलं होतं. म्हणजे इंजिन निवडण्याची जोखीम कंपनी घेते आणि हमी कमी केली की ती कॉकपिटकडे सरकते. करारात असा बदल सुचवणारा कुणी ‘खर्च वाचतो’ म्हणाला, तर रद्द होणाऱ्या उड्डाणांचा खर्च शेजारी मांडून दाखवा. विस्ताराला तेव्हा रोजची सुमारे दहा टक्के उड्डाणं कमी करावी लागली.

कायद्याचं थोडक्यात. विमान वाहतुकीतल्या कामगार तंट्यांना केंद्र सरकारची यंत्रणा लागते, राज्याची नाही. मुंबईतला वाद असला तरी समेटाला केंद्रीय श्रम आयुक्तांकडचे अधिकारी बसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. संपाआधी १४ दिवसांची नोटीस, समेटाची बोलणी चालू असताना संप बेकायदा, आणि ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. व्यवस्थापनातले लोक या ५० टक्क्यांवर विसंबतात. फार धोकादायक आहे हे. तुमचा स्टँडबाय दहा टक्के असेल तर पंधरा टक्के माणसं आजारी पडली की वेळापत्रक कोसळतं, आणि कायद्याची रेघ अजून कोसभर लांब असते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या सुमारे २०० केबिन क्रूंनी आजारी असल्याचं कळवलं, उड्डाणं थांबली, २५ जणांना काढलं, आणि दोन दिवसांत दिल्लीत श्रम आयुक्तांसमोर बसून ती कारवाई मागे घ्यावी लागली. रागाच्या भरात दिलेलं बडतर्फीचं पत्र समेटाच्या टेबलावर पहिल्यांदा परत घ्यावं लागतं, म्हणून ते देण्याआधी दोनदा विचार करा.

तडजोड झाली तर ती समेट अधिकाऱ्यासमोर सही करून घ्या. तशी केलेली तडजोड आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होते. दोघांत परस्पर केलेली फक्त सही करणाऱ्यांना. जुन्या १९४७ च्या कायद्यातली १२(३) आणि १८(१) ही कलमं या क्षेत्रातले जुने लोक अजून तोंडी वापरतात, ती ओळखता आली पाहिजेत.

संप अचानक होत नाही, तो आकड्यांत आधी दिसतो. विशिष्ट वारी वाढणारे सिक रिपोर्ट, थकव्याचे अर्ज, नाकारलेल्या रजांचा ढीग, दुपारी चारलाच संपणारा स्टँडबाय. आणि सर्वांत खात्रीची खूण: ड्युटीची वेळ थोडी वाढवून फ्लाइट पूर्ण करण्याचा अधिकार कॅप्टनकडे असतो, तो वापरायला ते एकामागून एक नकार देऊ लागतात. तो त्यांचा हक्क आहे. त्यावर नोटिसा काढू नका, रोस्टर सैल करा.

शिकायचं कुठे? ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’च्या सहा महिन्यांच्या महागड्या डिप्लोम्यांवर घरचे पैसे घालवू नका, त्यातून या खुर्चीपर्यंत वाट जात नाही. संख्याशास्त्र किंवा ऑपरेशन्स रिसर्च, चांगलं एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), आणि कामगार कायदा एवढा पाया हवा. कामगार कायद्यासाठी मुंबईतच देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि परळची नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्था आहे. मराठी मुलांनी दुसरीकडे हात जोडण्याआधी या दोन दारांवर जाऊन यावं. मेंटॉर शोधाल तर मोठ्या हुद्द्याचा शोधू नका. रोस्टर डेस्कवर रात्रपाळी केलेला माणूस आणि निवृत्त झालेला युनियनचा सेक्रेटरी, या दोघांकडे जे मिळतं ते सल्लागार कंपनीच्या सादरीकरणात नसतं.

नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मागा: पुढच्या २४ महिन्यांचा डिलिव्हरी तक्ता, सिम्युलेटर स्लॉटचं बुकिंग, आणि मागच्या वर्षाचा स्टँडबायचा वापर दिवसागणिक. तिन्ही एका शीटवर महिन्यांप्रमाणे शेजारी लावा. ज्या महिन्यात विमानं येतात पण स्लॉट नाहीत, तो महिना रंगवा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ईमेलच करा.