सोळा तालुक्यांचा पाऊस आरमध्ये दुरुस्त करायला बसण्याआधी

यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा, म्हणून आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत आमच्याकडे पावसाचे डेटाफ्रेमही (म्हणजे तक्तेही) सोळा: पाऊस_वणी, पाऊस_पुसद, पाऊस_राळेगाव असे. सगळ्यांत तीच दुरुस्ती करायची असते. एकच ओळ सोळा वेळा चिकटवून नाव बदलत बसू नका. मागच्या खरिपात मी तसंच केलं आणि घाटंजीचा पाऊस नेरच्या नावावर गेला. आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

लॅपटॉपआधी नोंदवही उघडा. आकड्याच्या जागी जी आडवी रेघ असते, तिचा अर्थ ज्यानं ती मारली त्यालाच विचारा. कुठे ती म्हणजे पाऊस नाही, कुठे पर्जन्यमापक बंद होता. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एनए, म्हणजे आकडा उपलब्ध नाही. आरला यातलं काही कळत नाही. एका रेघेपायी तो अख्खा कॉलम मजकूर धरतो आणि बेरीज अडते. म्हणून घाईत सरसकट शून्य भरायचा मोह होतो. तसं केलं तर जुलैतला पावसाचा खंड कागदावर खोटाच लांबतो, आणि दुबार पेरणी कुठे झाली असेल हे आपण त्यावरूनच पाहतो. तालुकागणिक अर्थ आधी लिहून घ्या.

मग नावं. सगळी स्मॉल अक्षरांत ठेवा. झरी-जामणीतली रेघ काढून अंडरस्कोर घाला, कारण आर तिला वजाबाकी समजतो. नावांची यादी देणाऱ्या एलएसला पॅटर्न देताना सुरुवातीला कॅरटचं चिन्ह (^) लावा, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारीच नावं येतात, आणि आलेली नावं मोजा. सतरा आली तर पाऊस_वणी_जुना असं काहीतरी मागे राहिलंय.

ही नावं एमगेटला दिली की सोळाही डेटाफ्रेम नावांसकट एका लिस्टमध्ये येतात. ती लिस्ट लगेच सेव्ह-आरडीएसनं फाइलमध्ये जपून ठेवा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. दुरुस्तीचं फंक्शन आधी एकट्या राळेगाववर चालवा. त्याच्या शेवटच्या ओळीत डेटाफ्रेमचं नाव हवंच, नाहीतर हाती नुसते कॉलमचे आकडे येतात. आत केलेला बदल बाहेरच्या मूळ डेटाफ्रेमला लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. राळेगाव जमलं की लॅप्लायनं तेच फंक्शन सगळ्या लिस्टवर चालवा.

सुटी नावं परत हवी असतील तर लिस्ट-टू-एन्व आहे. मी ते टाळतो. तालुक्याचा कॉलम घालून डू-कॉल आणि आरबाइंडनं एकच तक्ता करतो. कॉलमची नावं मात्र सगळीकडे सारखी लागतात. तक्ता झाला की २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पावसाचे, म्हणजे अतिवृष्टीचे दिवस वेगळे काढा आणि एकेक नोंदवहीशी ताडून पाहा.