‘द गिव्हर’ वाचताना नियंत्रणाच्या खुणा कशा शोधाव्यात

लोइस लॉरी यांची ‘द गिव्हर’ ही कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर निबंध लिहायचा असो किंवा मुलांबरोबर चर्चा करायची असो, पहिल्या वाचनात हाती पेन्सिल घेऊ नये. सुरुवातीची प्रकरणे एक नीटनेटकी, सुरक्षित वस्ती दाखवतात, जिथे भूक नाही, युद्ध नाही, उद्धटपणे बोलणारेही कोणी नाही, आणि वाचता वाचता ती आपल्याला आवडू लागते. ती आवडली होती हे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे, कारण नियंत्रण लोकांना हवेसे का वाटते, हे त्या नोंदीशिवाय समजत नाही.

दुसऱ्या वाचनात नियम टिपावेत. जोडीदार समिती ठरवते, बाराव्या वर्षी काम नेमून दिले जाते, हे मोठे नियम कोणालाही सापडतात. थांबावे ते लहान नियमांपाशी. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जाकिटांची बटणे पाठीवर असतात, म्हणजे एकमेकांच्या मदतीशिवाय ती लावताच येत नाहीत, आणि पुढून लावायच्या बटणांचे जाकीट सातव्या वर्षी मिळते. परस्परांवर अवलंबून राहायला शिकवणे हा हेतू वाईट म्हणता येत नाही. म्हणूनच प्रत्येक नियमासमोर आधी त्यामागचा चांगला हेतू लिहावा आणि त्यानंतरच त्याची किंमत मांडावी. हा क्रम उलटा केला तर विवेचन आरोपपत्रासारखे होते आणि कादंबरीची खरी ताकद निसटते.

सर्वांत जास्त वेळ भाषेला द्यावा, असे मला मनापासून वाटते. समाजाच्या जुन्या स्मृती स्वीकारण्यासाठी निवडल्या गेलेल्या जोनासला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, नियमांचा एक कागद मिळतो आणि त्याच्या शेवटी, त्याला खोटे बोलण्याची मुभा आहे, असे लिहिलेले असते. इतरांच्या कागदावरही हेच वाक्य असेल का, ही शंका त्याला येते. पण विचारले तरी मिळालेले उत्तर खरे आहे हे कळणार कसे? हा प्रसंग सोळाव्या प्रकरणाच्या शेवटाशेजारी ठेवून वाचावा. तिथे तो आईवडिलांना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात, शब्द नेमका वापर म्हणतात, आणि हा शब्द आता निरर्थक झाला आहे, असे समजावतात. समजले, असे तो म्हणतो, आणि तेच त्याचे आईवडिलांशी बोललेले पहिले खोटे ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावना दडपणारी गोळी घेत नाही. एक शब्द नाकारला जाणे, एक खोटे आणि एक न घेतलेली गोळी, एवढ्यात त्याचे वेगळेपण आकाराला येते. निबंधात एकच प्रसंग सविस्तर उलगडायचा असेल, तर हाच निवडावा.

स्मृतीविषयी लिहिताना ‘स्मृती महत्त्वाची असते’ असे मोघम विधान टाळावे आणि कादंबरीतली व्यवस्था नेमकी सांगावी. साऱ्या समाजाच्या जुन्या आठवणी एकाच माणसाकडे ठेवलेल्या आहेत. तो त्या दुसऱ्याला देतो तेव्हा त्याच्याजवळून त्या जातात, आणि धारण करणारा निघून गेला तर त्या सगळ्यांकडे परततात. थोडक्यात, इतरांचे निर्धास्त जगणे एका माणसाच्या वेदनेवर उभे आहे. चर्चेत मुलांना विचारावे की त्या वस्तीतल्या लोकांसारखे आपल्यालाही रंग दिसत नसतील, तर कोणता सदरा घालायचा या साध्या निवडीला काय अर्थ उरतो. जोनासलाही ही निवड अशीच कपड्यांवरून सुचते.

शेवटाबद्दल निकाल देण्याची घाई करू नये. जोनासला मिळालेली पहिली आठवण बर्फावरून घसरत जाणाऱ्या घसरगाडीची आहे आणि अखेरीसही टेकडी, बर्फ आणि घसरगाडीच आहे. ही दोन पाने समोरासमोर ठेवून वाचावीत आणि शेवटच्या पानांत, ही आठवण आपली स्वतःची आहे असे जोनासला ज्या क्षणी जाणवते, त्या वाक्याखाली रेघ ओढावी.