टायमिंग बांधताना दोन फेरे हाताने

आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडच्या दोन वर्षांत फोर स्ट्रोक इंजिनाची आकृती मी किती वेळा काढली असेल, हिशोब नाही. क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे, कॅमचा (वॉल्व्ह उघडणारा दांडा) एक, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात. एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. नंतर नागपुरातच, वाडीकडच्या एका गॅरेजात, पत्र्याच्या शेडखाली चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन समोर आलं आणि हेड (वॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) बसवल्यावर उस्ताद म्हणाले, "टायमिंग तू बांध." म्हणजे क्रँक आणि कॅम बेल्टने एकमेकांशी जुळवून बसव.

मी खुणा जुळवल्या. कॅम पुलीची खूण हेडच्या खुणेसमोर, क्रँक गिअरचा ठिपका ऑइल पंपावरच्या बाणासमोर. बेल्ट चढवला, टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी चाकी, सोडून घट्ट केला. सगळं काटेकोर दिसत होतं. स्टार्टर मारू का विचारलं, तर उस्तादांनी हातात पाना दिला. "आधी दोन फेरे मार अन् मंग सांग."

दोन फेऱ्यांनी क्रँकचा ठिपका बाणासमोर आला, पण कॅमची खूण एक दात मागे होती. ज्या बाजूला टेन्शनर नसतो, त्या बाजूला मी बेल्ट थोडा सैल ठेवला होता. क्रँक फिरला तसा त्याने आधी तो सैलपणा खाल्ला, मग कॅमला ओढलं. म्हणून बेल्ट क्रँकपासून चढवायचा, टेन्शनर नसलेली बाजू ताणून धरायची, आणि उरलेला सैलपणा शेवटी टेन्शनरच्या बाजूला आणायचा.

एका दाताने काय होतं, असं नवीन पोरं विचारतात. कॅम पुलीला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, म्हणजेच क्रँकचे १८. वॉल्व्ह इतके उशिरा उघडले की गाडी सुरू होते, पण ओढत नाही. ग्राहक चार दिवसांनी परत येतो आणि आपण कार्ब्युरेटर नाहीतर सेन्सर बदलत बसतो.

जास्त महागात पडलेली चूक पुढची आहे. काही महिन्यांनी एका डिझेल इंजिनाचा क्रँक हाताने फिरवताना अडला. मला वाटलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा विरोध, आहे, म्हणून पान्याला पाइप लावला. दोन वॉल्व्ह वाकले आणि हेड पुन्हा उतरवावं लागलं. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडखाली जागा फारच थोडी उरते, उघडा वॉल्व्ह त्यात मावत नाही. उस्ताद त्या दिवशी एवढंच बोलले, "पाना चालते तोवर फिरव. अडला का थांब. जोर काहून लावतो?"

हा फरक हाताला शिकवावा लागतो. कॉम्प्रेशनचा विरोध स्प्रिंगसारखा असतो. पाना जड होत जातो, धरून ठेवला तर हवा हळूहळू निसटते आणि तो पुढे सरकतो. धातूला धातू लागला की पाना एकदम ठप्प होतो. म्हणून माझा आग्रह आहे की फिरवण्याआधी सगळे स्पार्क प्लग काढा, डिझेलमध्ये ग्लो प्लग. मग अडलं तर कॉम्प्रेशनची शंकाच उरत नाही. फेरा नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेने मारा. बहुतेक गाड्यांत ती घड्याळाच्या काट्याची असते, काही जुन्या होंडा इंजिनांत उलटी.

बेल्ट नसताना कॅम फिरवायचा असेल तर चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक आधी खुणेपासून पाव फेरा वळवून ठेवा. चारही पिस्टन मधोमध येतात, वॉल्व्हला लागत नाहीत. कॅम जागेवर आला की क्रँक त्याच वाटेने परत खुणेवर.

बेल्टऐवजी चेन असलेल्या इंजिनात एक गोष्ट नवख्याला घाबरवते. चेनच्या रंगीत कड्या खुणांसमोर लावून दोन फेरे मारले की कड्या भलतीकडेच दिसतात. मी पहिल्या वेळी सगळं खोलायला निघालो होतो. त्या कड्या फक्त बसवतानाच्या आहेत. चेनच्या कड्या आणि गिअरचे दात यांचा हिशोब असा असतो की त्या पुन्हा जुळायला बरेच फेरे लागतात. तपासायच्या त्या गिअरच्या खुणा.

टायमिंग झालं की टॅपेट, म्हणजे कॅम आणि वॉल्व्ह यांच्यातली बारीक फट. कॅमचा उंचवटा पाठमोरा करून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा. मॅन्युअलमधलं थंड इंजिनाचं माप साधारण २० अंश तापमानाचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याखालचं इंजिन न चालवताही हाताला चटका देतं. म्हणून उन्हाळ्यात टॅपेटचं काम आम्ही सकाळी शटर उघडल्याबरोबर करतो.

शंका राहिलीच तर कॉम्प्रेशन गेज लावा. चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर आधी टायमिंगचं कव्हर उघडा. एकच कमी असेल तर वॉल्व्ह, रिंग नाहीतर गॅस्केटकडे बघा.