समासातली पेन्सिल

यंदा एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला जी पोरं-पोरी येतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या वर्गात लाल पाठीचं एक जाडजूड रजिस्टर फिरायचं. दर आठवड्याला प्रत्येकानं त्यात एक पान लिहायचं आणि बाकीच्यांनी समासात पेन्सिलीनं शेरे मारायचे. शेऱ्याखाली सही सक्तीची.

पहिले तीन आठवडे सगळ्या समासांत एकच शब्द, 'भारी'. कोल्हापूर असल्यामुळं मधूनच एखादं 'नाद खुळा'. वाचून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला! पण पुढचं पान लिहायला बसलं की त्या 'भारी'चा काडीचा उपयोग नसायचा. नेमकं काय भारी, हेच कळायचं नाही.

चौथ्या आठवड्यात मी मामाच्या गुऱ्हाळावर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, 'सगळीकडे गोड वास दरवळत होता आणि वातावरण प्रसन्न होते.' गडहिंग्लजकडच्या एका पोरानं शेजारी लिहिलं, 'तू खरंच गेलीवतीस काय? चुलवाणापाशी उभं राहिलं की डोळ्यांत धूर जातोय. प्रसन्न कुठलं?' असला राग आला! दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पान नव्यानं लिहिलं. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, वर येणारी काळपट मळी, रस निवळावा म्हणून घातलेलं भेंडीचं पाणी, आणि पाक झाला का बघायला गार पाण्यात थेंब सोडून त्याची गोळी बोटांत फिरवणारा गुळव्या. वास आपोआप आला, 'दरवळत' लिहावं लागलं नाही.

शेरे लिहायला मी त्याहून उशिरा शिकले. मला वाटायचं, चुका काढणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ काढणं. एका मैत्रिणीनं 2019 च्या महापुरावर लिहिलं होतं. पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईनं आधी काय उचललं, त्याबद्दल. मी नऊ वेलांट्या दुरुस्त केल्या आणि ऐटीत सही ठोकली. कँटीनमध्ये ती एवढंच म्हणाली, "वेलांट्या बघितलीस, पाणी बघितलं न्हाईस." तेव्हापासून आधी एकदा नुसतं वाचते, पेन्सिल बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा वाचताना जिथं अडखळले तिथं रेघ आणि एखादा प्रश्न. 'ही आजी इथं कुठून आली?' एवढा शेराही पुष्कळ होतो. 'कंटाळवाणं' असं मोघम लिहू नका. कुठल्या ओळीवर लक्ष उडालं ते दाखवा.

बोलीवरून मात्र भांडणं होणारच. एका कथेतली बाई म्हणते, 'मी बाजारला जाऊन येतो.' पुण्याकडच्या एकानं 'येतो'वर गोल करून 'लिंग चुकले' लिहिलं. अहो, कोल्हापुरात बायका असंच बोलतात, घरी मीही 'येतो'च म्हणते. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहायला मोकळीक आहे. तेव्हा गोल काढण्याआधी विचारा, हे लेखक बोलतोय की पात्र?

आपल्या पानावर शेरे पडले की लगेच खुलासे द्यायला धावू नका. आमच्यात लिहिणाऱ्यानं पुढच्या तासापर्यंत गप्प बसायचं, असा नियम होता. जीव नुसता वरखाली व्हायचा. पण 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे तोंडी सांगून भागत नाही, ते पानावरच यायला पाहिजे. सगळेच शेरे ऐकायचे असंही नाही. तिघांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं तर ती ओळ मी बदलते. एकट्यालाच खटकली असेल तर चार दिवस तशीच ठेवून बघते.

आणि पेन्सिलच वापरा. एका पोरानं जेल पेननं शेरे लिहिले होते, ते मागच्या पानावर उमटले आणि तिथली कविता वाचताच येईना.

जुनं रजिस्टर विभागातल्या कपाटात आहे, किल्ली शिपाईमामांकडं मिळेल. गुऱ्हाळाची दोन्ही पानं शेजारी शेजारी आहेत. पहिल्यावर चहाचा डाग आहे, तो माझाच.