जुन्या मोटारीत नवी अपहोल्स्टरी बसवण्याआधी

जुन्या मोटारीच्या नव्या अपहोल्स्टरीचे, म्हणजे सीट, दरवाजे, छत आणि तळ यांच्या आतील आच्छादनाचे, आयुष्य कापडाच्या किंवा चामड्याच्या प्रतीपेक्षा तिच्याखालच्या पत्र्यावर अधिक अवलंबून असते. पाणी कोठून झिरपते हे शोधल्याशिवाय अंथरलेला गालिचा कितीही उंची असला तरी तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा झाकून गेल्यामुळे वाढता गंज कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रथम बॅटरी सोडवावी आणि काहीही उचकटण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घ्यावीत. सीटचे बोल्ट बहुधा गंजून जखडलेले असतात. त्यांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे, कारण जोर लावून पिळल्यास बोल्ट तुटतो किंवा तळाला वेल्ड केलेला नटच सुटून फिरू लागतो. जुनी कव्हरे, दरवाजांची पॅनेल आणि गालिच्याचे तुकडे फाटके असले तरी टाकू नयेत, कारण कारागिराला नव्या कापडाचे माप त्यांच्याच शिवणी उसवून मिळते. छताचे अस्तर ताणून धरणाऱ्या तारांच्या कमानी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची लांबी आणि वक्रता वेगवेगळी असते. त्यांना पुढून मागे क्रमांक द्यावेत आणि कोणती कमान कोणत्या छिद्रात होती याचीही नोंद ठेवावी.

तळ उघडा पडला की पाण्याची चाचणी घ्यावी, आणि ती टाळण्याचा मोह कितीही झाला तरी टाळू नये. एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीने बारीक धारेचे पाणी खालच्या भागापासून सुरू करून हळूहळू वर न्यावे, म्हणजे नेमके कोठून पाणी आत येते ते कळते. पुढच्या काचेचे रबर आणि इंजिनाच्या बाजूच्या भिंतीत वायरींसाठी ठेवलेली छिद्रे ही नेहमीची संशयित ठिकाणे. दरवाजाच्या काचेलगत थोडे पाणी आत जाणारच. ते दरवाजाच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशी मूळ रचनाच असते. ही छिद्रे मातीने बुजली की पाणी आत साचते, म्हणून ती मोकळी करावीत आणि पॅनेलमागे प्लास्टिकचा नवा पडदा चिकटवावा. पायाजवळची ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल, तर ते पावसाचे पाणी नसून हीटरमधून गळणारे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) असते.

आवाज दाबण्यासाठी तळावर चिकटवलेले डांबरी थर खाली बराच गंज लपवून ठेवतात. जुन्या मोटारींतील अशा थरांत, धूळ श्वासातून गेल्यास घातक ठरणारे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे तपासणी करून घेईपर्यंत ते कोरडे घासू नयेत, ग्राइंडर तर मुळीच लावू नये. धोका नसल्याची खात्री झाल्यावर गरम हवेच्या गनने थर मऊ करून पट्टीने खरवडावेत. नंतर संशयास्पद जागी टोच्याने दाबून पाहावे. टोक आत घुसले तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय आहे, कारण गंजरोधक रसायन वरवरच्या गंजावर चालते, कुजलेल्या पत्र्यावर नाही. वेल्डिंगच्या वेळी आत फोम, कापड किंवा इंधनाची वाफ असता कामा नये. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पहिला लेप), सांध्यांवर फटी बुजवणारे सीलंट आणि शेवटी रंग, असा क्रम ठेवावा. रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबावे; ओलसर रंगावर लावलेला गोंद धरत नाही.

सीटच्या सांगाड्यातील तुटक्या स्प्रिंगा बदलाव्यात, तडे वेल्ड करावेत आणि स्प्रिंग व फोम यांच्यामध्ये गोणपाटाचा थर घालावा, नाहीतर तार फोम कापत जाते. सांगाडा लाकडी असेल तर चुका (छोटे खिळे) ठोकून चाळण झालेल्या पट्ट्या बदलाव्यात.

वायरिंगची दुरुस्ती याच टप्प्यावर संपवावी. छताच्या अस्तराच्या कडा अनेक मोटारींत काचांच्या रबराखाली जात असल्याने अस्तर काचा बसवण्यापूर्वी लावावे. गालिचा त्यानंतर आणि सीट सर्वांत शेवटी. गालिचा अंथरण्यापूर्वी सीट आणि सीटबेल्ट यांच्या बोल्टांची छिद्रे टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) साफ करून प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून पाहावा. सीटबेल्टच्या बोल्टांचे आटे बहुधा ७/१६ इंच यूएनएफ (बारीक आट्यांचे इंची मानक) मापाचे असतात; ते खराब झालेले आढळले तर नवा नट वेल्ड करून घ्यावा, कारण एकदा गालिचा चिकटला की तेथे वेल्डिंग करता येत नाही.